डाव्या बाजूचं स्टिअरिंग

मागच्या रविवारी फोनवर धाकटी कुरकुरली, "आजी, गाडी शिकायला इथे एका तासाचे केवढे पैसे घेतात! आणि तो माणूस नुसता शेजारी बसून राहतो." मागून थोरला ओरडला, "तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे जिवावर उदार व्हायला लागतं, त्याचे पैसे!" तुमचं भांडण मिटेपर्यंत फोन ठेवायची वेळ झाली. म्हणून उत्तर लिहून पाठवते. शेजारी बसणाऱ्या माणसाला आपण कशाचे पैसे देतो ते मला भिलाईत कळलं, आणि ते कळण्यासाठी मला एकदा नापास व्हावं लागलं.

साठच्या दशकाचा मध्य असेल. आम्ही सेक्टर ६ मध्ये राहत होतो. पोलादाच्या कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या होत्या, तरी बांधकाम संपलेलं नव्हतं. एक विभाग सुरू झाला की त्याच्या शेजारी दुसऱ्याचा पाया खणायला घेत. तुमचे आजोबा त्या बांधकामावर इंजिनिअर होते. सकाळी भोंगा झाला की आमच्या रस्त्यावर सायकलींचा लोंढा लागे आणि त्यात तेही डबा अडकवून निघून जात. मग रस्ता रिकामा, घर रिकामं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, लग्नाआधी रायपूरला मुलींच्या शाळेत शिकवलेलं. भिलाईत प्रत्येकजण काही ना काही उभारत होता आणि मी दुपारी पडद्यांना इस्त्री करत होते. एकदा तर जे पडदे आदल्या दिवशी केले होते तेच पुन्हा करायला घेतले, तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली.

त्या पावसाळ्यात एका ओळखीच्या बाईंकडून कळलं की जवळच जामुलला सिमेंटचा कारखाना उभा राहतोय आणि तिथल्या मुलांसाठी निघालेल्या नव्या शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी आहे. मी जाऊन हेडमास्तरांना भेटले. जाड चष्म्याचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडून एक उतारा वाचून घेतला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "नोकरी तुम्हाला द्यायला माझी हरकत नाही. पण शाळा सकाळी साडेसातची. त्या वेळेला इथे कुठलीही बस पोचत नाही. आधीच्या बाई याच पायी सोडून गेल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी तुम्ही वेळेवर आलात तर जागा तुमची. नाहीतर दुर्गचे एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे मोटरसायकल आहे."

सायकल मला येत होती. पण जामुलच्या रस्त्यावर तेव्हा खडीचे आणि चुन्याच्या दगडाचे ट्रक चालत, रस्ता जागोजागी उखडलेला, आणि तुमची आई साडेतीन वर्षांची. तिला शाळेच्या शिशुवर्गात घालायचं म्हणजे रोज बरोबर न्यायचं. त्या धुळीतून कॅरिअरवर मूल बसवून नेणं माझ्याच्याने झालं नसतं.

गाडी होती, पण रायपूरला. माझे वडील तिथे वकील. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपासून रायपूरचंच. वडिलांकडे काळ्या रंगाची, इंग्रजी बनावटीची एक छोटी गाडी होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर म्हणत, पिकू द्या, मग काढू. तोवर गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी. मी मागितली तेव्हा ते म्हणाले, "लायसन्स दाखव, किल्ली ने. त्याआधी मी तुला हॉर्नसुद्धा वाजवू देणार नाही."

म्हणजे गाडी मिळण्यासाठी लायसन्स हवं, आणि लायसन्ससाठी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर शिकायला हवं.

तुमच्या आजोबांना मी हे सगळं जेवताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ताक संपवलं आणि म्हणाले, "शिक ना. फक्त जामुलला पोचलीस की तार कर." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "थट्टा केली. पण शिकवणार कोण? मला तर सायकलच येते."

रायपूरला मोटार शिकवणारी एक शाळा होती. तिची फी ऐकून मी विचार सोडूनच दिला होता. वर रोजचा रेल्वेचा प्रवास. मग आमच्या दूधवाल्याने खुर्सीपारच्या उस्तादांचं नाव काढलं. गाडी शिकवणाऱ्याला इकडे सगळे उस्तादच म्हणतात. हे उस्ताद मूळ भंडाऱ्याकडचे, धानाची शेती करणाऱ्या घरातले. कारखान्याचे पाये खणत होते तेव्हा मजुरीला आले, रशियन माणसांच्या हाताखाली डंपर चालवायला शिकले. काही वर्षांनी धक्क्यांनी पाठ गेली तेव्हा ते काम सोडलं, आणि लिलावात निघालेली एक जुनी रशियन जीप घेऊन पोरांना गाडी शिकवायला लागले.

ते आमच्या फाटकाशी आले ते बायकोला घेऊनच. तिला मी पुढे वहिनी म्हणायला लागले. तिने पहिल्याच वाक्यात खुलासा केला, "ताई, मी मागं बसून राहीन. हे अन् तुमी दोघंच जीपमध्ये फिरून राहिले असं कोणी म्हणू नये. माह्यासाठी नाही, तुमच्यासाठी."

"आणि तुमच्या घरचं काम?" मी विचारलं.

"काम कुठं पळून जाते? अन् मले बी हवा खायले भेटते."

मग फीचं बोलणं झालं. उस्तादांचा हिशोब तासावर नव्हता, फेऱ्यांवर होता. आमच्या पलीकडे एका नव्या सेक्टरचे रस्ते आखून डांबरून झाले होते, घरं मात्र अजून उभी राहायची होती. त्या रिकाम्या सेक्टरला एक पूर्ण वळसा म्हणजे एक फेरी. उस्ताद म्हणाले, "पेट्रोल तुमचं, जीप माही, अन् शिव्या फुकटात."

त्यांची बायको म्हणाली, "शिव्या देऊ नका जी. बाई शिकलेल्या आहेत. इंग्रजीतून परत देतीन, तुमाले समजणार बी नाही."

मी घरी दोन मुलींना इंग्रजी शिकवत असे. त्याचे पैसे स्वतःकडे ठेवले होते, तेच या कामी लावायचं ठरवलं. फी अगदीच थोडी नव्हती. त्या पैशांत मला हिवाळ्यासाठी चांगला कोट शिवता आला असता, आणि तो मी शिवला नाही हे मला आजही आठवतं. म्हणून तू पैशांबद्दल कुरकुरलीस त्यात मला काही चुकीचं वाटलं नाही.

त्या रिकाम्या सेक्टरमध्ये शिकण्याची मजा काही वेगळीच होती. सरळ, रुंद रस्ते, कोपऱ्याकोपऱ्यावर नंबरांच्या पाट्या, आणि पाट्यांच्या मागे फक्त गवत आणि म्हशी. रशियन जीपचं स्टिअरिंग डावीकडे. मी डावीकडे बसायची, उस्ताद माझ्या उजव्या हाताला, मागे त्यांची बायको आणि तिच्या मांडीवर तुमची आई. क्लच सोडताना जीप सशासारखी उड्या मारायची आणि प्रत्येक उडीला तुमची आई टाळ्या वाजवायची.

"हळू, हळू," उस्ताद म्हणत. "क्लच म्हणजे काही रागावलेली सासू नाही, की पाय लागला अन् पळालं."

मागून लगेच आवाज, "माह्या सासूचं नाव कायले काढता?"

"तुह्या नाही, दुनियेच्या सासूचं सांगून राहिलो."

गणपतीच्या सुमाराला सुरुवात केली होती. दसऱ्यापर्यंत मी गिअर न करकरता बदलायला लागले होते, जीप मागे घेत होते, चढावर थांबवून पुन्हा सोडत होते. म्हशी आडव्या आल्या तरी घाबरत नव्हते. वळायची वेळ आली की मी सांगायची, "उस्ताद, उजवीकडे." ते त्यांच्या बाजूने हात बाहेर काढत. थांबायचं तरी हात त्यांचाच. तेव्हा गाड्यांना आजच्यासारखे दिवे लुकलुकत नसत. आमच्याकडे चालवणाऱ्याने उजवा हात बाहेर काढून मागच्याला सांगायचं, मी वळतोय, मी थांबतोय. आमच्या जीपमध्ये उजवीकडे मी नव्हतेच, म्हणून ते काम उस्तादांकडे आपसूक गेलं. त्यात काही वावगं आहे असं ना त्यांना वाटलं ना मला. त्यांचे बाकीचे शिकाऊ कारखान्यातल्या डंपरवर जायचे. डंपरही रशियन, स्टिअरिंगही डावीकडे, आणि कारखान्याच्या आत ढिगाऱ्यांमध्ये हात दाखवायचा कोणाला? चारचौघांच्या रस्त्यावर साधी गाडी चालवायला निघालेली मी त्यांची पहिलीच विद्यार्थिनी होते.

लायसन्सची परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर ठरलेल्या दिवशी रायपूरहून दुर्गला येत. दिवाळीच्या जरा आधी माझी पाळी आली. मी पांढरी सुती साडी नेसून, पदर खोचून गेले. आवारात ट्रकवाले, मोटरसायकलवाले मिळून बरीच गर्दी. बाई मी एकटीच. इन्स्पेक्टरांनी उस्तादांना बाजूला उभं राहायला सांगितलं आणि मला जीपमध्ये बसवून खालूनच विचारलं, "बाएँ मुड़ना है, तो क्या इशारा देंगी?"

मी सवयीने उजवीकडे पाहिलं. उस्तादांची जागा रिकामी होती.

माझा डावा हात आपोआप वर आला, मग उजवा. मग दोन्ही हात मी मांडीवर ठेवले. ट्रकवाल्यांमधून कोणी तरी हसलं. इन्स्पेक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "लाइसेंस मिलने के बाद चलाएँगी कौन-सी गाड़ी?"

मी खरं ते सांगितलं. वडिलांची, स्टिअरिंग उजवीकडे असलेली.

"तो वही लेकर आइए. दिवाली के बाद फिर आ रहा हूँ." त्यांनी तारीख सांगितली. शाळा सोमवारी उघडणार होती आणि ही तारीख त्याच्या आधीच्या शुक्रवारची.

बाहेर चहाच्या टपरीवर उस्ताद बाकावर बसून राहिले. चहाला हात लावेनात. "बाई, चूक माही आहे," म्हणाले. "माह्या ध्यानातच नाही आलं. बारा गावच्या पोरायले शिकवलं, पण हे ध्यानात नाही आलं."

त्यांची बायको म्हणाली, "ध्यानात कसं येईन? सारे हात तुमीच दाखवले. बाईनं काय दाखवाव?"

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता, हे लपवत नाही. शिकण्यात गेलेली फी, शिवायचा राहिलेला कोट, दुर्गच्या मास्तरांची मोटरसायकल, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पण माझ्याजवळ रागावत बसायलाही वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मी रेल्वेने रायपूर गाठलं.

वडील व्हरांड्यात बसले होते. पावलांवरून ओळखून म्हणाले, "पास?"

"नाही बाबा. नापास."

"कशात?"

"हात दाखवण्यात."

"आणि चालवण्यात?"

"चालवायला सांगितलंच नाही."

सगळी हकिकत ऐकून ते इतके हसले की डोळ्यांना उपरणं लावायला लागलं. मग हसू ओसरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ती नोकरी तुला खरंच हवी आहे?" मी त्यांना पडद्यांची गोष्ट सांगितली. तेच पडदे पुन्हा इस्त्री केल्याची. ती मी तुमच्या आजोबांनाही सांगितलेली नव्हती. त्यांनी नोकराला हाक मारली आणि म्हणाले, "गाडीवरची ताडपत्री काढ रे."

त्या दिवाळीला मी माहेरी गेले नाही, माहेरच माझ्याकडे आलं. ओळखीच्या एका ड्रायव्हरने गाडी भिलाईला आणून सोडली आणि तो रेल्वेने परत गेला. माझी आई जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे वडील चकल्यांचा डबाही शेजारणीकडून भरून घेऊन आले होते. उस्तादांना मी निरोप पाठवला होता. ते आले, गाडीला नमस्कार केला आणि म्हणाले, "आधी मी पाहतो, मंग बाईले सांगतो." ते उजवीकडे बसले. गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि सवयीने उजवा हात गिअरकडे नेला. हात खाडकन दारावर आपटला.

पलीकडे बसलेले वडील म्हणाले, "उस्ताद, उतरायचं आहे का?"

उस्ताद हाताकडे पाहत राहिले. मग तेही हसायला लागले. "वकीलसाहेब, मी बी आजच शाळेत आलो म्हणा." पण लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हे जे राहून गेलं ते माह्याकडून राहिलं. त्याचे पैसे मी घेणार नाही. पण पास होईपर्यंत मी येईन."

असे आम्ही शिकायला निघालो. माझ्या डावीकडे वडील, त्यांना समोरचा रस्ता धुक्यातल्यासारखा दिसायचा. माझ्या मागे उस्ताद, त्यांना रस्ता स्वच्छ दिसायचा पण गाडीची बाजू उलटी. वडिलांच्या मागे उस्तादांची बायको, मांडीवर तुमची आई. पहिल्या फेरीत चौघंही एकदम बोलत होते.

"दुसरा टाक, दुसरा!"

"बाई, ब्रेक! म्हैस!"

"ताई, नाली! नालीत चालली गाडी!"

"आई, म्हैस!"

मी गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि इंजिन बंद केलं. आवाज वर्गात असतो तसा काढला आणि म्हटलं, "आता एकेकाने बोलायचं. गिअरबद्दल फक्त बाबा बोलतील. रस्त्याबद्दल फक्त उस्ताद. डाव्या बाजूच्या नालीबद्दल फक्त वहिनी. बाकी कोणी काही बोललं तर मी त्याला इथेच उतरवीन."

"अन् नात?" उस्तादांच्या बायकोने विचारलं.

"तिला माफ आहे."

मग जमायला लागलं. वडील इंजिनचा आवाज ऐकून सांगत, "आता... आता बदल." त्यांच्या कानांना जे कळायचं ते चांगल्या डोळ्यांनाही कळलं नसतं. मात्र उजवा पाय ते सारखा पायाखालच्या फळीवर दाबत, जणू ब्रेक त्यांच्याच बाजूला आहे. मला सगळ्यात अवघड गेलं ते गाडीची डावी बाजू ओळखणं. जीपमध्ये मी नालीच्या बाजूला बसायची, नाली खाली दिसायची. आता मी रस्त्याच्या मध्याकडे आणि नाली कुठे तरी पलीकडे. उस्तादांची बायको खिडकीतून डोकं काढून सांगायची, "हातभर आहे... वीतभर आहे... ताई, आता बोटभर!" बोटभर ऐकलं की मी घाबरून उजवीकडे ओढायची आणि उस्ताद मागून म्हणायचे, "तिचं माप मोठं आहे, बाई. तिची वीत म्हणजे दोन हात. घाबरू नका." त्यावर तिने त्यांच्या पाठीत गुद्दा घातल्याचा आवाज मला पुढे ऐकू आला.

हात दाखवण्याचा सराव मी घरी केला. खिडकी उजव्या हाताला येईल अशी लाकडी खुर्ची लावायची, डाव्या हातात स्टिअरिंग म्हणून ताटाची कड धरायची आणि उजवा हात खिडकीबाहेर. उजवीकडे वळायचं तर हात सरळ, डावीकडे वळायचं तर हात बाहेर काढून गोल फिरवायचा, वेग कमी करायचा तर हात खालीवर, आणि थांबायचं तर कोपरातून वर. एकदा हात गोल फिरवत होते तर रस्त्यावरून जाणारी भाजीवाली थांबली, टोपली उतरवली आणि म्हणाली, "का लेबे, दाई?" काय घेणार, असं ती छत्तीसगढीत विचारत होती. तिला काही समजावून सांगण्यापेक्षा मी पावशेर भेंडी घेतली. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा थांबली. त्या आठवड्यात आमच्याकडे भेंडीच भेंडी झाली. तुमचे आजोबा म्हणाले, "तुझं लायसन्स लवकर मिळू दे. माझ्या डब्याची मला काळजी वाटायला लागली आहे."

शुक्रवारी दुर्गला सगळेच आले होते. इन्स्पेक्टर गाडीपाशी आले, वडिलांना उतरवलं, मागच्या दोघांना उतरवलं, आणि स्वतः माझ्या डावीकडे बसले. "चलिए."

गाडीत कोणी बोलत नव्हतं. इतकी शांतता मला त्या गाडीत पहिल्यांदाच मिळाली होती आणि ती मला सोसवेना. दुसरा टाकायची वेळ झाली का? मी कान देऊन ऐकलं. इंजिन जड झालं होतं. टाकला. डावीकडे नाली किती असेल? वहिनींची वीत आठवून मी अंतर धरलं. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पुढे बैलगाडी, मागे माल भरलेला ट्रक हॉर्न देत होता. इन्स्पेक्टर म्हणाले, "आगे बाएँ रोकिए."

मी उजवा हात बाहेर काढला, खालीवर केला, मग कोपरातून वर. आरशात पाहिलं. मागच्या ट्रकचा वेग कमी झाला. एवढा मोठा ट्रक, लोखंडाने भरलेला, माझ्या हातातल्या दोन काचेच्या बांगड्या पाहून थांबायला लागला. मी गाडी कडेला घेतली आणि उभी केली. ट्रकवाला पुढे जाताना मान वळवून पाहून गेला.

मग इन्स्पेक्टरांनी गाडी मागे घ्यायला लावली, एक चढ दाखवला, परत आवारात आणवली. उतरताना एवढंच म्हणाले, "हाथ साफ़ दिखाती हैं. अच्छा है." आणि पुढच्या मोटरसायकलवाल्याकडे वळले.

उस्तादांच्या बायकोने तिथेच, ट्रकवाल्यांच्या देखत, माझ्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. उस्ताद वडिलांना म्हणाले, "वकीलसाहेब, आता माही जीप मी इकडच्या स्टिअरिंगची करून घेतो. पुढच्या बाईले असं नाही झालं पाहिजे." वडील म्हणाले, "पुढची बाई येईल असं वाटतं?" "येईन ना जी. आमच्याच घरात एक आहे, रोज नाली मोजून राहिली."

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, बाळा. शेजारी बसणारा माणूस नुसता बसतो असं तुला वाटतं. त्याला पैसे द्यायचे ते त्याने हळूहळू आपलं सगळं काम तुझ्यावर टाकावं म्हणून. जो माणूस तुझ्यासाठी हात दाखवत राहील तो कितीही प्रेमळ असला तरी तुझे पैसे वाया जात आहेत असं समज, आणि त्याला तसं सांग. उस्तादांनी मला गाडी शिकवली, त्याचे पैसे मी दिले आणि ते योग्य होते. नंतर जे शिकवलं ते त्यांनी, वडिलांनी आणि वहिनींनी मिळून शिकवलं आणि त्याची किंमत कुणी मागितली नाही. पहिल्या शिकवणीशिवाय दुसरी झाली नसती, हेही तितकंच खरं. तेव्हा फी दे, आणि तासभर बसून त्या माणसाकडून तासाभराचं काम करून घे. तो गप्प बसला की घाबरू नकोस.

सोमवारी मी पहाटेच उठले. तुमच्या आजोबांनी सायकल काढायच्या आधी कापडाने गाडीची काच पुसून दिली, ते काम त्यांनी मी न सांगता केलं. वडील म्हणाले, "मी पण येतो. पहिला दिवस आहे." तुमची आई नवीन फ्रॉक घालून मागच्या सीटवर, मांडीवर पाटी घेऊन बसली. वडील पुढे, माझ्या डावीकडे.

सेक्टरचा रस्ता संपला आणि जामुलचा लागला. थंडी नुकतीच पडू लागली होती. ट्रक रांगेने समोरून येत होते आणि प्रत्येक ट्रक गेल्यावर काही क्षण पुढचं दिसत नसे. मी वेग कमी करायची, धूळ बसू द्यायची, पुन्हा चालायची. एका ठिकाणी रस्ता निम्मा खणलेला, तिथे समोरच्या ट्रकला मी हाताने आधी जा म्हटलं आणि त्याने हात वर करून आभार मानले. वडील काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. गिअरबद्दल, वेगाबद्दल, काहीही. ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही, कारण माझं लक्ष रस्त्यावर होतं.

शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करून मी इंजिन बंद केलं तेव्हा साडेसातला अजून अवकाश होता. हेडमास्तर पायरीवर उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि चपराशाला सांगितलं, "बाईंना सहावीचा वर्ग दाखवा."

मी वडिलांकडे वळले. त्यांचा पाय फळीवर सैल पडला होता, मान दाराला टेकलेली, तोंड किंचित उघडं. त्या सगळ्या खड्ड्यांमधून, ट्रकांमधून ते कधी तरी झोपी गेले होते.

"आजोबांना उठवू?" तुमच्या आईने विचारलं.

"नको," मी म्हटलं. त्यांच्या बाजूची काच बोटभर खाली केली, दार आवाज न करता लावलं, आणि तुमच्या आईचं बोट धरून वर्गाकडे निघाले.